कॅमेऱ्याची मागची बाजू

कुणी दुर्बिणीला लावायचा नवा खगोल कॅमेरा दाखवायला आणला की मी तो आधी उलटा करते. सेन्सर बघायला नंतर भरपूर वेळ असतो. मागच्या झाकणावर पंख्याची जाळी असते. तिच्या शेजारी यूएसबी ३ चं दुमजली पोर्ट, फिल्टर व्हील (फिल्टर बदलणारं चाक) आणि गायड कॅमेरा (दुर्बिणीचा नेम ताऱ्यावर धरून ठेवणारा लहान कॅमेरा) यांच्यासाठी दोन लहान पोर्ट, सेन्सरच्या थंडाव्यासाठी १२ व्होल्टचं गोल सॉकेट, आणि काही कॅमेऱ्यांवर टेलिफोनच्या जॅकच्या घडणीचं सहा पिनांचं एक भोक. सगळं तळहाताहून लहान जागेत दाटीवाटीनं बसवलेलं. पोर्ट आत खोल आहे की काठाशी उघडं आहे, दोन प्लग शेजारीशेजारी बसले तर मध्ये बोट जाईल का, सॉकेटला जरासा धक्का दिला तर ते डुलतं का, हे मी आधी बघते. हा कॅमेरा अंधारात, गारठलेल्या बोटांनी हाताळायला कसा जाणार आहे ते तिथे कळतं. जाहिरातीत यातलं काहीच नसतं.

पुढची बाजू वेगळी. तिथे ॲल्युमिनियमच्या जाड कडीत आटे कापलेले असतात आणि ते वजन पेलण्यासाठीच असतात. कॅमेरा, फिल्टर व्हील, दुर्बिणीतला थोडा प्रकाश गायड कॅमेऱ्याकडे वळवणारा ऑफ-ॲक्सिस गायडर असा सगळा ऐवज मिळून दीड-दोन किलो सहज भरतो. तो त्या आट्यांच्या साखळीवर रात्रभर लटकतो आणि आट्यांना काही होत नाही. मागच्या पोर्टांवर मात्र केबलचंसुद्धा वजन यायला नको. या विषयावरचं माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आलं: ओझं आट्यांनी वाहावं, पोर्टांनी फक्त वीज आणि माहिती वाहावी. कॅमेऱ्याला काहीही जोडताना घ्यायची काळजी ही कामाची वाटणी सांभाळण्यासाठी असते.

पोर्ट आतून कसं बसवलेलं असतं ते एकदा पाहिलं की हात हलका होतो. सर्किट बोर्ड म्हणजे काचतंतू आणि रेझिन यांची पाटी, आणि तिच्यावर चिकटवलेला तांब्याचा पापुद्रा. त्या पापुद्र्याची नेहमीची जाडी ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसावा भाग. मोठ्या चौकोनी यूएसबी-बी सॉकेटचे पाय बोर्डातून आरपार जाऊन पलीकडून सोल्डर केलेले असतात, म्हणून ते बऱ्यापैकी दणकट असतं. लहान पोर्टांच्या पिना बहुतेक वेळा नुसत्या पृष्ठभागावर टेकवून सोल्डर केलेल्या असतात. त्यांना ओढ बसत राहिली की आधी सोल्डरला बारीक तडा जातो. ओढ जास्त असेल तर तांब्याचा तुकडाच पाटीवरून उखडून येतो. तडा गेलेलं सोल्डर पुन्हा वितळवून जोडता येतं. उखडलेलं तांबं जागच्या जागी परत चिकटत नाही.

त्यात तरफेचा हिशेब येतो. प्लग सॉकेटच्या आत साधारण एक सेंटिमीटर जातो आणि त्याची मूठ, केबलचा सुरुवातीचा ताठ भाग धरून, चार सेंटिमीटर बाहेर राहते. बाहेरच्या टोकावर १०० ग्रॅम वजनाइतकी आडवी ओढ आली तर आत त्याच्या चौपट जोर पडतो. तोही सारखा बदलत राहतो, कारण दुर्बीण ताऱ्यांच्या मागे फिरत असते आणि केबल लोंबकळण्याची दिशा तासातासाला वेगळी होते. कॅमेऱ्याचं पोर्ट अशा वेळी एका झटक्यात तुटत नाही. ते महिनोन्‌महिने थोडंथोडं सैल होत जातं, आणि मग एखाद्या रात्री संगणकाच्या पडद्यावर कॅमेरा सापडत नसल्याची सूचना येते.

यूएसबीच्या मानकांमध्ये प्रत्येक घडणीचा प्लग किती वेळा काढघाल सोसेल याचे आकडे दिलेले आहेत. जुन्या मोठ्या ए आणि बी घडणीसाठी १,५००, मिनी-बी साठी ५,०००, मायक्रो आणि यूएसबी-सी साठी १०,०००. वर्षाला १०० रात्री आकाश मोकळं मिळालं आणि प्रत्येक रात्री एकदाच जोडणी केली, तर सगळ्यात कमी आयुष्याचं मोठं पोर्टही १५ वर्षं पुरायला हवं. प्रत्यक्षात तसं होत नाही. हे आकडे सरळ आत गेलेल्या आणि सरळ बाहेर आलेल्या प्लगचे आहेत. अंधारात चाचपडत, तिरका घातलेला, न बसल्यावर डावा-उजवा हलवून दाबलेला प्लग त्या मोजणीत धरलेला नाही. म्हणून दहा हजारांचा आकडा वाचून मला फारसा दिलासा मिळत नाही. आडवी ओढ टाळली की आयुष्याची चिंता आपोआप मिटते.

या मानकांमधली एक गोष्ट मात्र मला फार आवडते. मिनी आणि आधीच्या घडणीत झिजणारी स्प्रिंग उपकरणाच्या सॉकेटात होती. मायक्रो-यूएसबी आखताना ती उचलून केबलच्या प्लगमध्ये टाकली. झिजायचं तर केबलनं झिजावं, उपकरणानं नाही, असा विचार त्यामागे होता. केबल बदलणं सोपं, कॅमेऱ्याचा बोर्ड बदलणं अवघड. तोच विचार दुर्बिणीवर आणायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. कॅमेऱ्याच्या मागे एक आखूड, मऊ केबल लावायची आणि ती तिथून काढायचीच नाही. तिचं दुसरं टोक दुर्बिणीच्या नळीवर घट्ट बसवलेल्या यूएसबी हबकडे न्यायचं. रोजची काढघाल जी काय व्हायची ती हबच्या पलीकडच्या तोंडाशी होऊ द्यायची. हब झिजला तर दुसरा आणता येतो. कॅमेऱ्याला महिनोन्‌महिने कुणी हात लावत नाही, आणि हेच त्याच्या तब्येतीला सगळ्यात चांगलं.

केबल आखूड तर हवीच, पण ती मऊही हवी. वेगाच्या हव्यासापायी बरेच जण जाड, ताठ, दुहेरी आवरणाची केबल घेतात आणि तिचा ताठपणा थेट पोर्टावर जातो. दीर्घ छायाचित्रणात इतक्या वेगाची गरज आहे का, याचा हिशेब करून बघावा. २६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची १६ बिटांची एक प्रतिमा साधारण ५२ मेगाबाइटची होते. यूएसबी २ वर ती उतरायला सेकंद-दीड सेकंद लागतो. पाच मिनिटांच्या एका छायाचित्रासाठी दीड सेकंद थांबण्यात काहीही बिघडत नाही. यूएसबी ३ च्या सॉकेटच्या खालच्या मजल्यात साधा यूएसबी २ चा चौकोनी प्लग नीट बसतो, त्याची केबल बारीक आणि लवचीक असते, आणि तेजोमेघांच्या कामाला ती पुरते. ग्रहांचं चित्रीकरण निराळं. तिथे सेकंदाला शंभराच्या वर चौकटी उतरवायच्या असतात आणि पूर्ण वेग हवाच.

थंडीत पीव्हीसीचं आवरण आणखी ताठ होतं. दिवसा हातात रेशमासारखी वाटणारी केबल पहाटे तारेसारखी वागू लागते आणि तिला जिथे वळवलं असेल तिथून ती परत सरळ व्हायचा प्रयत्न करते. सिलिकॉनच्या आवरणाच्या केबली थंडीतही लवचीक राहतात. शक्य असेल तिथे मी त्याच वापरते.

आता पुढच्या बाजूकडे, कारण पोर्ट बिघडण्याची बरीच कारणं तिथेच सुरू होतात. कडी अडकली की माणूस कॅमेरा मागून घट्ट पकडतो आणि पिळतो. पकड बसते ती नेमकी प्लगवर किंवा मागच्या झाकणावर. म्हणून कडी अडकूच नये याची काळजी ही पोर्टाचीही काळजी आहे.

खगोल कॅमेऱ्यांच्या जगात आट्यांची काही ठरलेली मापं आहेत आणि ती पाठ असलेली बरी. टी-टू म्हणजे ४२ मिलिमीटर व्यास आणि लगतच्या दोन आट्यांमध्ये ०.७५ मिलिमीटर अंतर. मोठ्या सेन्सरसाठी ४८ मिलिमीटर आणि ५४ मिलिमीटर, दोन्हींचं अंतर तेच ०.७५. लहान कॅमेऱ्यांवर सी-माउंट असतो: एक इंच व्यास, इंचाला ३२ आटे. श्मिट-कॅसेग्रेन (आरसे आणि भिंग दोन्ही असलेल्या) दुर्बिणीच्या मागे बहुधा दोन इंच व्यासाचा, इंचाला २४ आट्यांचा. यात फसवणारा एक आहे. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या स्क्रू लेन्सचा आटाही ४२ मिलिमीटरचाच, पण त्याचं अंतर १ मिलिमीटर. टी-टू वर तो ठेवला की अगदी आपला वाटतो. एक-दीड फेरा सुरेख फिरतो आणि मग जड होतो. इथे जोर लावला की ०.७५ च्या आट्यांवर १ चे आटे कोरले जातात आणि दोन्ही भाग कामातून जातात. व्यास जुळला म्हणजे आटा जुळला असं नाही.

मला आटे जोडायला शिकवलं ते काका व्यवसायानं टर्नर होते, उमेदीची सगळी वर्षं लेथवर गेलेली. त्यांची पद्धत मी आजही तशीच पाळते. दोन्ही भाग टेबलावर उभे, म्हणजे वरच्या भागाचं वजन सरळ खाली. खालचा भाग धरायचा, वरचा नुसता टेकवायचा. मग उलट्या दिशेनं, सोडवत असल्यासारखा, अगदी हळू फिरवायचा. बरणीचं झाकण वाकडं बसू नये म्हणून आपण फिरवतो तसाच. कुठेतरी एक बारीकशी घसरण हाताला जाणवते: आट्याचं टोक टोकावरून खाली उतरलं. तिथून सरळ दिशेला फिरवायचं, बोटांच्या पेरांनी, मूठ न वळता. मी एकदा विचारलं होतं, "काका, शेवटी थोडा जोर लावू?" ते म्हणाले, "जोर लावावासा वाटला ना, की तिथेच सोड. उलटा फिरव आणि पहिल्यापासून बसव." नीट बसलेला आटा शेवटी अचानक थांबतो, कारण धातूची सपाट कड सपाट कडेला भिडते. तिरका चढलेला आटा हळूहळू जड होत जातो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो, आणि तो कळायला हातमोजे काढावे लागतात.

भिडल्यावर आणखी आवळायचं नाही. कडी जागेवर राहण्यासाठी तेवढं पुरतं. रात्री तापमान उतरतं तेव्हा धातू आकसतो; ४८ मिलिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची कडी २० अंशांच्या उतारानं साधारण २२ मायक्रॉन लहान होते. आतला भाग पोलादी असेल तर तो त्याच्या निम्म्यानंच आकसतो, आणि दिवसा हातानं घट्ट केलेली बाहेरची कडी पहाटे त्याला आवळून बसते. अशी कडी सोडवताना ती चिमटीत जोरानं दाबली की आणखी घट्ट होते, कारण पातळ कडी दाबाखाली गोल न राहता लंबगोल होते. तिला चहूबाजूंनी सारखी पकड लागते. रबराचा रुंद पट्टा किंवा फिल्टर सोडवायचा प्लॅस्टिकचा पाना, दोन्ही बाजूंना एकेक. आणि हे करण्याआधी कॅमेऱ्याच्या मागच्या सगळ्या केबली काढून ठेवायच्या. त्यात कसलीही सूट नको. फिरणाऱ्या कॅमेऱ्याला लागलेली केबल पिळवटण्याचा सगळा जोर पोर्टावर देते.

काही फिल्टर व्हील आट्यांनी न जोडता चार-सहा बारीक स्क्रूंनी थेट कॅमेऱ्याच्या तोंडावर बसतात. मला ही रचना जास्त आवडते, कारण तिच्यात पिळायला काही उरत नाही. दिलेल्यापेक्षा लांब स्क्रू मात्र घालू नये, आणि एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे न जाता समोरासमोरच्या जोड्या थोड्याथोड्या आवळत जावं.

जोडणीचा क्रम मी कधी बदलत नाही. आधी सगळं धातूचं काम, घरात, टेबलावर, भरपूर उजेडात: फ्लॅटनर (चौकटीच्या कडेपर्यंत फोकस सारखा ठेवणारी भिंगं), गायडर, फिल्टर व्हील, कॅमेरा. बऱ्याच फ्लॅटनरना सेन्सर ५५ मिलिमीटरवर लागतो. ते अंतर स्पेसरच्या कड्यांनी जुळवायचं आणि मध्ये फिल्टर असेल तर त्याच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश अंतर वाढवून धरायचं. हे एकदा नीट जमलं की ती साखळी पुन्हा मोडायची नाही. अख्खी साखळी एक वस्तू म्हणून दुर्बिणीला लावायची. कॅमेरा आणि दुर्बीण एकमेकांना पक्के झाले की केबली. सगळ्यात शेवटी वीज. काढताना बरोबर उलटं: आधी वीज, मग केबली, मग धातू. चालू विजेवर प्लग काढघाल करू नये हे सगळ्यांना माहीत असतं. धातूचं काम केबलींच्या आधी संपायला हवं, हे तितकंच महत्त्वाचं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

हा क्रम अवकाशातल्या एका दुर्बिणीच्या रचनेतही आहे. डिसेंबर १९९३ मध्ये हबलचा दोष दुरुस्त करायला अंतराळवीर गेले तेव्हा नवा कॅमेरा, डब्ल्यूएफपीसी-२, रुळांवरून आत सरकवला गेला. त्याचे विजेचे कनेक्टर कुणी हातानं लावायचे नव्हते. धातूचे रूळ आधी दिशा पक्की करत, मग एक बोल्ट कॅमेऱ्याला जागेवर ओढून घेई, आणि पिना सॉकेटात जायच्या तेव्हा हलायला वावच उरलेला नसे. तोच कॅमेरा १४ मे २००९ ला काढायची वेळ आली तेव्हा तो बोल्ट सुटेना. जॉन ग्रुन्सफेल्ड आणि अँड्र्यू फ्यूस्टेल बाहेर होते. जोराची मर्यादा राखणारं साधन काढून टाकून हातानं पिळण्याशिवाय मार्ग राहिला नाही, आणि बोल्ट तुटला असता तर नवा कॅमेरा तसाच परत न्यावा लागला असता. तो सुटला, आणि डब्ल्यूएफसी-३ आत गेला.

ग्रुन्सफेल्ड यांचंच त्याआधीचं एक काम मला त्याहून मोठं वाटतं. मार्च २००२ मध्ये हबलची वीज वाटणारी पेटी बदलायची होती. ती अवकाशात बदलण्याच्या हिशेबानं बनवलेलीच नव्हती. तिला ३६ कनेक्टर होते, दाटीवाटीनं लावलेले, आणि ते काढण्यासाठी १९९० च्या उड्डाणानंतर पहिल्यांदाच अख्खी दुर्बीण बंद करावी लागली. अंतराळ पोशाखाचे हातमोजे घालून ग्रुन्सफेल्ड आणि रिचर्ड लिनेहन यांनी ते एकेक करून सोडवले आणि नव्या पेटीला लावले. वीज परत आली तेव्हा हबल जागी झाली. आपल्याला मागच्या बाजूला चार-पाच प्लग लावायचे असतात, उघड्या बोटांनी. तेवढ्यासाठी शांतपणे उभं राहायला आपल्याकडे वेळ असतो.

प्लग पूर्ण आत गेला की नाही, ही शंका कधी हलकी घेऊ नये. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा या प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेहून ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सासोला पोहोचलेले न्यूट्रिनो कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी आले. जगभर चर्चा झाली. पुढच्या वर्षी कळलं की जीपीएसची वेळ संगणकाच्या मुख्य घड्याळापर्यंत नेणारा प्रकाशतंतूचा एक कनेक्टर पुरता आवळलेला नव्हता. अर्धवट बसलेला कनेक्टर कधीकधी काम करतोच. चुकीचं काम करतो, आणि म्हणून तो तुटलेल्या कनेक्टरपेक्षा जास्त वेळ खातो. यूएसबी ३ चा प्लग फार हळूहळू आत सारला तर खालच्या मजल्यावरच्या यूएसबी २ च्या पिना आधी लागतात, आणि संगणक कॅमेऱ्याला जुन्या वेगाचं उपकरण समजून बसतो. अशा वेळी कॅमेऱ्यात किंवा ड्रायव्हरमध्ये दोष शोधण्याआधी प्लग बाहेर काढावा आणि एका सरळ, सलग हालचालीत पुन्हा बसवावा.

१२ व्होल्टच्या गोल सॉकेटची गोष्ट थोडी वेगळी. बाहेरून सगळे प्लग ५.५ मिलिमीटरचे दिसतात, पण आतलं भोक कधी २.१ मिलिमीटरचं, कधी २.५ चं. २.१ चा प्लग २.५ च्या पिनेवर जातच नाही, त्यामुळे तिथे निदान कळतं तरी. २.५ चा प्लग २.१ च्या पिनेवर सहज जातो आणि सैल राहतो. कॅमेरा चालू होतो, पंखा फिरतो, आणि थंडावा पूर्ण जोरात लागला की सगळं अधूनमधून बंद पडतं. सेन्सर थंड करणारा विजेवरचा पेल्टियर थंडावा तीन अँपियर तरी ओढतो. सैल जोडात एक दशांश ओहमचा अडथळा असला तरी तिथे ०.३ व्होल्ट गळतात आणि साधारण एक वॅट उष्णता त्या इवल्याशा पिनेवर तयार होते. स्प्रिंग तापली की आणखी ढिली होते, ढिली झाली की आणखी तापते. कॅमेऱ्याबरोबर आलेला प्लगच वापरावा. दुसरा आणायचा तर आतलं माप बघूनच.

सहा पिनांचं ते टेलिफोनसारखं सॉकेट एसटी-४ नावानं ओळखलं जातं. एसबीआयजी या कंपनीच्या त्या नावाच्या जुन्या गायड कॅमेऱ्यावरून ते नाव राहिलं. त्याच्या प्लगला प्लॅस्टिकची एक पातळ खिटी असते. ती दाबल्याशिवाय ओढलं की मोडते, आणि मोडल्यावर प्लग नुसत्या केबलच्या वजनानं बाहेर सरकतो. पण त्याहून मोठा धोका माउंटच्या, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या बैठकीच्या, बाजूला आहे. काही माउंटवर हँड कंट्रोलरचं किंवा फोकसरचं सॉकेटही हुबेहूब त्याच आकाराचं असतं, आणि त्यात १२ व्होल्ट असू शकतात. गायडची केबल चुकून तिथे गेली तर गायड कॅमेऱ्याचा तो भाग जळतो. हल्ली गायडिंगच्या सूचना यूएसबीवरूनच माउंटला देता येतात. म्हणून मी ही केबल वापरणंच सोडलं. जे वापरतात त्यांनी दोन्ही टोकांना रंगीत पट्टी लावावी आणि सॉकेटशेजारीही त्याच रंगाची पट्टी लावावी.

सगळ्या केबली लागल्या की त्यांचं ओझं कुठे जातं ते बघायचं. पोर्टापासून आठ-दहा सेंटिमीटरवर केबल कॅमेऱ्याच्या किंवा फिल्टर व्हीलच्या धातूला वेल्क्रोच्या पट्टीनं बांधायची, आणि पोर्ट ते पट्टी यांमध्ये थोडी सैल कमान ठेवायची. प्लग हातात धरून हलवला तर हलला पाहिजे, पण पट्टीपलीकडची केबल ओढली तर प्लगला काही कळता कामा नये. प्लॅस्टिकची दातेरी पट्टी मी कॅमेऱ्याजवळ वापरत नाही. ती आवळताना केबल चेमटते आणि कापताना कात्री कुठे जाईल याचा नेम नसतो. कमान पोर्टाच्या खालून जाईल अशी ठेवली तर दवाचं पाणी केबलवरून ओघळून कमानीच्या तळाशी गळतं, सॉकेटात शिरत नाही. ओल्या सॉकेटात १२ व्होल्ट आले की पिनांवर हिरवट गंज चढायला फार रात्री लागत नाहीत. तो घासून काढायच्या फंदात पडू नये. संपर्कावरचा सोन्याचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश आणि धीर, एवढंच.

या बांधणीचा फायदा प्रतिमेतही दिसतो. एफ/५ च्या (फोकसचं अंतर व्यासाच्या पाचपट असलेल्या) दुर्बिणीत सेन्सर फोकसपासून हलला तरी चालेल असं अंतर साधारण ६७ मायक्रॉनचं, म्हणजे कागदाच्या एका पानाहून कमी. लोंबकळणाऱ्या केबलीनं कॅमेऱ्याला एका बाजूला ओढलं आणि तो नुसत्या एका स्क्रूनं दाबलेल्या नळीत बसवलेला असला, तर सेन्सर तेवढा सहज कलतो. चौकटीच्या एका कोपऱ्यातले तारे लांबट होतात आणि माणूस आरसे जुळवत बसतो. आट्यांनी जोडलेला कॅमेरा आणि बांधलेल्या केबली असल्या की हा शोध बहुधा करावाच लागत नाही.

जर्मन घडणीच्या माउंटवर आकाशातली वस्तू उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर आली की दुर्बीण एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते. तिथे केबल अपुरी पडली तर मोटर थांबत नाही, पोर्ट थांबतं. म्हणून मी दिवसाउजेडी क्लच सैल करून दुर्बीण हातानं सगळीकडे फिरवून बघते: क्षितिजापर्यंत, डोक्यावर, ध्रुवाकडे, एका बाजूनं आणि मग दुसऱ्या. केबलींचा जुडगा अक्षाच्या जितका जवळून नेता येईल तितका नेते, कारण अक्षाजवळ हालचाल कमी असते. जिथे केबल ताणली जाते किंवा कशात अडकते तिथे आणखी एक पट्टी, नाहीतर मार्गच बदलायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि मी ते मनापासून करते.

ज्यांचं पोर्ट आधीच सैल झालंय त्यांच्यासाठी एक गोष्ट. कागदाची घडी सारून, प्लग तिरका धरून, रबरबँड लावून ते चालवू नये. रबरबँडची ओढ रात्रभर एकाच बाजूला असते आणि उरलेल्या सोल्डरवर तीच काम करते. गरम हवेनं बारीक सोल्डरिंग करणाऱ्या माणसाकडे कॅमेरा लवकर द्यावा, तांबं उखडायच्या आत. देण्याआधी पुढची सगळी कड्यांची साखळी काढून सेन्सरवर झाकण लावावं आणि कोणती केबल लावल्यावर कोणत्या कोनात संपर्क तुटतो ते कागदावर लिहून द्यावं. दुरुस्त होऊन आला की पहिल्याच दिवशी त्यात आखूड केबल बसवायची, पट्टी बांधायची, आणि त्यापुढे काढघाल हबच्या टोकाशीच करायची.